फुली कधी छत्तीस सेकंदांत दिसेनाशी, कधी अठ्ठ्याहत्तर: हायपो-आम्लाच्या प्रयोगाची रीडिंग्ज जुळत नसतील तर

दर डिसेंबरात आमच्या प्रयोगशाळेत हीच तक्रार येते. दुपारच्या बॅचची मुलं सकाळच्या बॅचची जर्नल्स बघतात आणि टेबलाशी येऊन उभी राहतात. "सर, त्यांचं पहिलं रीडिंग ७८ सेकंद आहे, आमचं ३६. द्रावण तर मामांनी एकाच बाटलीतून दिलंय. चूक कोणाची?"

चूक कोणाचीच नसते. पण हे पटवून द्यायला मला बरीच वर्षं लागली. आधी मीही द्रावणावर खापर फोडायचो, नवं करायला लावायचो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या सगळ्यांसाठी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे घटक पुस्तकात पाच ओळींत मिळतात: अभिक्रियाकारकाचं स्वरूप, कणांचा आकार, संहती (ठरावीक घनफळात पदार्थ किती आहे ते), तापमान, उत्प्रेरक (स्वतः न संपता वेग वाढवणारा पदार्थ). प्रयोग बिघडतो तेव्हा यातलाच कुठलातरी घटक आपल्या नकळत बदललेला असतो. तो शोधायचा कसा, एवढंच सांगायचं आहे.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र केलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि गंधकाचे बारीक कण तयार होऊन द्रावण दुधाळ होतं. शंकूपात्राखाली कागदावर काळी फुली असते. वरून बघताना ती दिसेनाशी झाली की स्टॉपवॉच बंद करायचं. दर वेळी फुली झाकायला तेवढंच गंधक लागतं, म्हणून लागलेल्या वेळाचा व्यस्त, म्हणजे १/t, हा दराचा मापक धरतो.

आम्ही वापरतो ती मापं: ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) हायपो ५०, ४०, ३०, २०, १० मिली. प्रत्येकात पाणी घालून ५० मिली पूर्ण करायचे, मग २ मोलर आम्ल १० मिली. काही ठिकाणी आम्ल १ मोलर घेतात. मी ते बदललं, कारण ५० मिली ०.१ मोलर हायपोत ५ मिलीमोल असतात आणि त्यांना १० मिलीमोल आम्ल लागतं. १ मोलरच्या १० मिलीत बरोब्बर तेवढंच असतं, शिल्लक काही नाही. संहती एकाच पदार्थाची बदलायची असेल तर दुसरा भरपूर हवा.

आधी गुणाकार करा

रीडिंग्ज घेतली की आलेख काढण्याआधी एक साधी गोष्ट करा. हायपोचं घनफळ आणि वेळ यांचा गुणाकार करा. हायपोच्या बाबतीत ही अभिक्रिया जवळपास पहिल्या कोटीची आहे, म्हणजे हायपोची संहती निम्मी केली की दरही निम्मा होतो, म्हणून हा गुणाकार सगळीकडे साधारण सारखा यायला हवा. ५० मिलीला ३६ सेकंद, म्हणजे १८००. मग ४० मिलीला ४५, ३० मिलीला ६०, २० मिलीला ९० सेकंदांच्या आसपास यायला हवेत. १० मिलीला मात्र १८० पेक्षा थोडे जास्तच लागतात. तिथे हायपोच मुळात कमी, त्यामुळे फुली झाकण्याइतकं गंधक होईपर्यंत त्यातला बराच वाटा संपून गेलेला असतो आणि दर मंदावतो. हा दोष प्रयोगाचा आहे, तुमचा नाही.

गुणाकार कसा हलतो यावरून बिघाड कुठला ते बहुतेक वेळा कळतं. विरल द्रावणाकडे जाताना हळूहळू वाढला तर काळजी नको. वर-खाली कसाही उडत असेल तर मोजमाप, हात किंवा डोळा. आणि घेतलेल्या क्रमाने सतत कमी होत गेला तर थांबा, पात्राकडे बघा.

गुणाकार कमी कमी होत जातो: पात्र धुतलेलं नाही

एका जोडीची रीडिंग्ज अशी आली होती: ५० मिलीला ३६, ४० ला ४३, ३० ला ५४, २० ला ७६, १० ला १४१ सेकंद. गुणाकार अनुक्रमे १८००, १७२०, १६२०, १५२०, १४१०. अगदी शिस्तीत उतरत गेलेले. आलेखही बरा दिसत होता, म्हणून त्यांना शंका आली नाही. मी त्यांना उलट्या क्रमाने, १० मिलीपासून सुरुवात करून, पुन्हा करायला सांगितलं. आता १० मिलीला १९४ सेकंद आले आणि शेवटच्या ५० मिलीला ३१. म्हणजे उतार संहतीबरोबर नव्हता, क्रमाबरोबर होता.

शंकूपात्र उजेडात धरलं तेव्हा तळाला पिवळसर पांढरा पातळ थर दिसला. दोन रीडिंग्जच्या मधे पोरं पात्र नुसतं नळाखाली धरत होती. गंधक पाण्यात विरघळत नाही, आम्लातही नाही. आधीचा थर फुली थोडी झाकूनच ठेवतो, त्यामुळे नवं गंधक कमी पुरतं आणि वेळ फसवा कमी येतो. त्यातच तळाशी राहिलेला आम्लाचा थेंब हायपो ओतताक्षणीच कामाला लागतो, स्टॉपवॉच सुरू व्हायच्या आधी.

उपाय सोपा, पण कंटाळवाणा आहे. रीडिंग झालं की लगेच, थर वाळू न देता, साबण आणि ब्रशने घासायचं, दोनदा पाण्याने विसळायचं, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी. जुना चिकट थर ब्रशनेही निघत नसेल तर सोडियम सल्फाइटचं द्रावण घालून उकळवा. गंधक त्यात विरघळतं आणि विरघळून पुन्हा हायपोच तयार होतो! मुलांना हे दाखवलं की त्यांना समीकरण आपोआप लक्षात राहतं.

दोन बॅचचं भांडण: तापमान

आता ७८ आणि ३६ कडे येऊ. आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे. डिसेंबरात सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत थर्मामीटर १७ अंश दाखवतो आणि दुपारी दीडला, पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आलं की २८. द्रावणाची बाटली रात्रभर कडाप्प्यावर असते, म्हणजे तीही सकाळी १७ अंशांवरच.

या अभिक्रियेचा दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. एका अंशाला सुमारे ७ टक्के. ११ अंशांचा फरक म्हणजे दुपटीहून थोडा जास्त, आणि ७८ ला ३६ ने भागलं तर २.१७ येतात. दोन्ही बॅच बरोबर होत्या.

इथे मुलं हटकून म्हणतात, तापमान वाढलं की रेणू जोरात पळतात, जास्त धडका होतात. हे उत्तर अर्धंच आहे, आणि अर्धं असल्यामुळे घात करतं. रेणूंचा वेग केल्विन तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. २९० केल्विनवरून ३०१ वर (म्हणजे १७ अंशांवरून २८ वर) गेलं तर धडका जेमतेम २ टक्के वाढतील. दुप्पट कसं झालं मग? धडक बसली म्हणजे अभिक्रिया झाली असं नाही, तिच्यात सक्रियण ऊर्जेएवढा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेएवढा, जोर हवा. तेवढा जोर असणारे रेणू मुळातच फार थोडे असतात आणि तापमान थोडंसं वाढलं तरी त्यांची संख्या झपाट्याने वाढते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये आम्लात साखरेचं विघटन किती वेगाने होतं ते मोजून दराचा अभ्यास सुरू केला, आणि १८८९ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी साखरेच्याच विघटनाचा आधार घेऊन तापमानाचं हे कोडं सोडवलं.

मग मी दोन्ही बॅचना एकत्र बसवलं आणि त्यांचीच दोन रीडिंग्ज अऱ्हेनियसच्या सूत्रात (दर, तापमान आणि सक्रियण ऊर्जा यांना जोडणाऱ्या) घालायला लावली. २.१७ चा नैसर्गिक लॉगरिथम ०.७७. १/२९० वजा १/३०१ म्हणजे ०.०००१२६. ०.७७ ला ८.३१४ ने, म्हणजे वायू स्थिरांकाने, गुणून या ०.०००१२६ ने भागलं की सक्रियण ऊर्जा निघते सुमारे ५१ किलोज्यूल प्रति मोल. ज्या फरकावरून सकाळपासून वाद चालला होता, त्यातूनच उत्तर निघालं. त्या दिवशी वर्गात जी शांतता झाली ती मला अजून आठवते.

तेव्हापासून आमच्या जर्नलच्या तक्त्यात तापमानाचा रकाना सक्तीचा आहे, अगदी संहतीच्या प्रयोगातही. एकाच तासात सगळी रीडिंग्ज घ्यायची, आणि दोन्ही द्रावणं आधी अर्धा तास पाण्याच्या एकाच टबात ठेवायची. सकाळच्या बॅचने गार पाण्यात रीडिंग्ज घेतली तरी चालेल, फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत पाणी तेवढंच गार हवं.

तापमानाच्या स्वतंत्र प्रयोगात दुसरीच चूक होते. मुलं हायपो ५० अंशांपर्यंत तापवतात, त्यात टेबलावरचं २६ अंशांचं आम्ल ओततात आणि तक्त्यात "५०" लिहितात. ५० मिली ५० अंशांचं आणि १० मिली २६ अंशांचं मिसळलं तर मिश्रण ४६ वर येतं. चार अंशांचा फरक, म्हणजे दरात ३० टक्क्यांच्या घरातली चूक, आणि तीही गरम टोकालाच जास्त, त्यामुळे आलेख वाकतो आणि सक्रियण ऊर्जा कमी निघते. आम्ल मिसळल्यावर तापमान बघा, फुली दिसेनाशी झाल्यावर पुन्हा बघा, दोन्हींची सरासरी लिहा. आलेखात अक्षावर १/T (T म्हणजे तापमान) घेताना केल्विनच घ्यायचं. सेल्सियस घालून आलेख "आला" म्हणणारी दोन-चार मुलं दरवर्षी असतात. ५० च्या वर मी जाऊ देत नाही. वेळ इतका कमी होतो की मोजण्यात अर्थ उरत नाही, आणि सल्फर डायऑक्साइडही भसाभस सुटतो.

गुणाकार कसाही उडतो

इथे कारणं बारीकसारीक असतात. मी ती या क्रमाने तपासतो.

पाणी घातलं का? विरल द्रावणात पाणी घालून ५० मिली पूर्ण करायचं राहिलं तर आम्लाची संहती बदलते. द्रावणाची उंचीही बदलते, आणि ती डोळ्याला फसवते. वरून बघताना डोळा आणि फुली यांच्यामधे जेवढे गंधकाचे कण आहेत तेवढे सगळे फुली झाकतात. म्हणून सगळ्या रीडिंग्जना पात्रही एकाच मापाचं हवं. एकाने १०० मिलीचं घेतलं आणि दुसऱ्याने २५० मिलीचं, तर रुंद तळाच्या पात्रात द्रावण पसरट होतं आणि फुली उशिरा झाकते. एका टेबलावर मुलांनी तीन रीडिंग्ज एका पात्रात आणि दोन दुसऱ्यात घेतली होती, कारण पहिलं धुवायला गेलं होतं.

बघणारा एकच होता का? "दिसेनाशी" कधी म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाने ओतायचं, एकानेच बघायचं, शेवटपर्यंत तोच. फुली छापून लॅमिनेट केलेली असली तर उत्तम. पेनने काढलेली फुली ओल्या पात्राखाली फिसकटते, आणि मग ती मुळातच पुसट असते.

स्टॉपवॉच कधी सुरू केलं? मोजपात्रातून १० मिली ओतायला दोन-अडीच सेकंद जातात. १८० सेकंदांत ते खपून जातात, ३६ सेकंदांत ती ६-७ टक्क्यांची चूक ठरते. निम्मं आम्ल गेलं की सुरू करायचं असं आम्ही ठरवून टाकलं आहे. ओतल्यावर पात्र दोनदा गोल फिरवायचं, दर वेळी दोनदाच.

मोजपात्रं दोन हवीत, एक हायपोला, एक आम्लाला. चिकटपट्टी लावून नावं लिहा. अदलाबदल झाली की द्रावण मोजपात्रातच पांढुरकं होतं.

सगळ्याच रीडिंग्ज एका दिशेला चुकलेल्या

गुणाकार एकमेकांशी जुळतात, तापमानही तेवढंच, पण गेल्या वर्षीपेक्षा सगळेच वेगळे. आता मात्र बाटलीवर संशय घ्यायला हरकत नाही.

हायपोची बरणी वाचा. स्फटिकी हायपोत पाण्याचे पाच रेणू असतात, त्याचं मोलर वस्तुमान २४८. निर्जल हायपोचं १५८. दोन्ही पांढरे, दोन्हींच्या बरण्या सारख्याच. निर्जल हायपो २४.८ ग्रॅम घेऊन लिटरभर द्रावण केलं तर ते ०.१ नव्हे, ०.१५७ मोलर होतं, आणि सगळे वेळ त्याच पटीत घटतात. उन्हाळाभर सैल झाकणाची राहिलेली बरणीही असंच करते. कोरड्या गरम हवेत स्फटिकातलं पाणी उडतं आणि वर पांढरी भुकटी जमते.

द्रावण जुनं असेल तर उलटं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि जिवाणू हायपोचं हळूहळू विघटन करतात. तळाशी पांढरट गाळ दिसला की ते द्रावण ओतूनच टाका. नवं करताना पाणी उकळून गार केलेलं घ्यावं आणि लिटरला चिमूटभर, साधारण ०.१ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट घालावं. तेवढ्याने आम्लावर काही फरक पडत नाही. संहत आम्लाची बाटली बऱ्याच वर्षांपूर्वी उघडलेली असेल तर त्यातला वायू उडून गेलेला असतो. लिटरभर २ मोलरसाठी सुमारे १७० मिली लागतात हा हिशेब ताज्या बाटलीचा आहे. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको.

एक प्रश्न हमखास येतो: आम्ल दुप्पट संहत केलं तरी दर दुप्पट का होत नाही? तो होणारच नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. इथे दर आम्लाच्या संहतीवर फार कमी अवलंबून असतो. समीकरणात आम्लाचे दोन रेणू आहेत म्हणून दर वर्गाने वाढेल असं मानणं ही मोठी गफलत. कोटी प्रयोगातूनच ठरते.

संगमरवराचे तुकडे

कणांच्या आकाराच्या प्रयोगात संगमरवरावर आम्ल ओतून सुटणारा वायू मोजतात. तिथे तक्रार अशी असते की भुकटीत आणि तुकड्यांत फरकच दिसत नाही, किंवा फसफस सुरू होऊन बंद पडते. बंद पडत असेल तर आधी विचारा, आम्ल कुठलं? सल्फ्युरिक वापरलं असेल तर संगमरवरावर कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो. ते पाण्यात फार कमी विरघळतं, आम्ल आतपर्यंत पोहोचत नाही आणि आतला दगड तसाच राहतो. हायड्रोक्लोरिक घ्या, त्याचं कॅल्शियम क्लोराइड विरघळून जातं.

फरक दिसत नसेल तर तुकडे सारखे नसतात. एक सेंटिमीटरच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे मिलिमीटरचे हजार घन केले की पृष्ठफळ ६०, म्हणजे दहापट. पण तुकड्यांच्या बरणीच्या तळाशी चुरा असतोच, आणि तो तुकड्यांबरोबर गेला की पहिल्या मिनिटाचा वायू सगळा चुऱ्याचाच. आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन चाळण्या ठेवल्या आहेत, गव्हाची आणि रव्याची. तुकडे चाळायचे, धुवायचे, वाळवायचे, मग वजन. फरशीच्या दुकानातून आणलेल्या तुकड्याची पॉलिश केलेली बाजू सुरुवातीला मंद असते, म्हणून फोडूनच घ्या. शहाबादी फरशीही चुनखडीच आहे, पण तिच्यात माती-वाळूचा अंश असतो, त्यामुळे दोन तुकडे सारखे वागत नाहीत. दाखवायला चालेल, मोजायला नको. वजन घटण्यावरून मोजत असाल तर पात्राच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर फेसाबरोबर उडालेले थेंबही वायूच्या खात्यात जमा होतात.

संगमरवराऐवजी मॅग्नेशियमची फीत असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. वरचा ऑक्साइडचा थर निघेपर्यंतचा वेळ दरात मोजला जायला नको.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि काळी पूड

उत्प्रेरकाच्या प्रयोगात हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड टाकूनही ऑक्सिजनचे बुडबुडे मंद येत असतील तर बहुधा उत्प्रेरकाचा दोष नाही. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं, म्हणजे १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन. उन्हात किंवा दुकानाच्या फळीवर पडून ते आपोआप विघटित होत राहतं. ५ मिली घ्या, पूड टाका, सगळा वायू पाण्यावर गोळा करा. १०० मिली यायला हवा. ५५ आला तर बाटली ११ व्हॉल्यूमची उरली आहे, आणि तुम्ही निम्म्या संहतीवर प्रयोग करत होता.

पूड दुप्पट टाकली की वेळ कमी होतो, वायू मात्र तेवढाच राहतो. मुलांना हे डोळ्यांनी बघू द्या. उत्प्रेरकाने उत्पादित वाढतं असं लिहिणारे दरवर्षी असतात, आणि त्यांनी वायू कधी शेवटपर्यंत मोजलेला नसतो, कारण तास संपतो. पूड मात्र चमच्याच्या टोकाने अंदाजे नको, वजन करूनच.

जर्नलबद्दल

जुन्या जर्नलमधली "चांगली" रीडिंग्ज उतरवण्याची सवय सगळीकडे आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं. मुलांनी १७ अंशांवर घेतलेले खरे ७८ सेकंद खोडून कोणाचे तरी ३६ लिहायचे, म्हणजे हातात आलेली सक्रियण ऊर्जा खोडून टाकायची. मी आता तपासताना वेळाइतकाच तापमानाचा रकाना बघतो, आणि न जुळणाऱ्या रीडिंगला कारण लिहिलं असेल तर पूर्ण गुण देतो.

तास संपताना एक काम राहतं. दुधाळ मिश्रण बेसिनमधे ओतून तसंच सोडलं तर त्यातून सल्फर डायऑक्साइड येत राहतो, आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलांना तो लगेच बाधतो. म्हणून बेसिनजवळ एक बादली ठेवा. तिच्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण आणि वर दोन-चार थेंब फिनॉल्फ्थॅलिन (सोड्यात गुलाबी दिसणारा आणि आम्लात रंगहीन होणारा दर्शक). रीडिंग झालं की पात्र तिच्यात रिकामं करायचं. आम्ल आणि वायू दोन्ही तिथेच मरतात. गुलाबी रंग गेला की मामा आणखी सोडा टाकतात. खिडक्या सुरुवातीपासून उघड्या ठेवायच्या, थंडी असली तरी, आणि त्यामुळे तापमान उतरलं तर तेही रकान्यात लिहायचं.

मग ब्रश, साबण, पाणी, आणि पात्र उजेडात धरून तळ बघणं. तळाला काही दिसत नसेल तरच ते पुढच्या बॅचच्या रॅकवर जातं.